हिरव्या पट्टीची जागा

सोमवार, ३ तारीख

ताई,

नमस्कार-चमत्कार तू धरून चाल. मी घाईत आहे आणि डोकंही ठिकाणावर नाही.

इथे दारातच सगळ्यांचे फोन जमा करून घेतले. खेळाडूंचे, प्रशिक्षकांचे, आम्हा हमालांचेसुद्धा. आईबापांचे फोन आले की पोरी रडतात आणि रडल्या की पडतात, असं आयोजकांचं म्हणणं. स्पर्धा संपेपर्यंत घरच्यांशी संबंध नाही. म्हणून हा कागद. तुमच्या गल्लीतल्या कंडक्टरकाकांची गाडी इथे मुक्कामाला असते, सकाळी निघते आणि दुपारी तुमच्याकडे पोचते. त्यांच्या हाती देतोय. तूही त्यांच्याचकडे दे. आणि बोलू नकोस कुठे. पिटुकली माझी भाची आहे हे मी मुकादमाला सांगितलेलं नाही. कळलं तर उद्याच हाकलेल.

आधी तुला हवी ती बातमी. तुझी लेक मजेत आहे. जेवते, झोपते, मला बघून न बघितल्यासारखं करते. मीच तसं सांगितलंय, पण ती जरा जास्तच छान करते. जिम्नॅस्टिक्सला बाराचौदा देशांच्या पोरी आल्यात, सगळ्या तिच्याच वयाच्या. कुणाची भाषा कुणाला कळत नाही, पण एक पडली की सगळ्या एकाच आवाजात 'आई गं' म्हणतात. म्हणजे आपापल्या भाषेत.

माझं काम म्हणशील तर गाद्या ओढायच्या, स्प्रिंगबोर्ड हलवायचे, आणि पोरी हाताला पांढरी भुकटी फासतात ती सांडली की झाडायची. झोपतानासुद्धा शिंकतो.

आता रागाचं कारण. ती इथे आहे. कोण ते विचारू नकोस, तुला माहीत आहे. जिच्याबद्दल कँटीनमध्ये एकजण वेडंवाकडं बोलला आणि मी खुर्ची उचलली, आणि माफी मागायची नाही म्हणून कॉलेजच सोडलं, तीच. आपल्या संघाची सहायक प्रशिक्षक झालीय. सरांच्या मागे फाईल घेऊन फिरते. मला बघून म्हणाली, "अरे, तू? खुर्च्या लावतोस का इथे?" सगळी टोळी हसली. मीही हसलो. काय करणार.

पण ऐक. व्हॉल्टसाठी, म्हणजे त्या उंच टेबलावरून उडी मारायला, पोरी लांबून धावत येतात ना, त्या धावपट्टीच्या कडेला प्रत्येकजण आपापल्या रंगाची चिकटपट्टी लावते. तिथून धाव सुरू करायची. पट्टी जागेवर असेल तर पाय बरोब्बर स्प्रिंगबोर्डवर पडतो. पिटुकलीची पट्टी हिरवी. आज सकाळी हॉलमध्ये कुणी नसताना मी गाद्यांच्या ढिगाऱ्यामागे होतो. ती फाईलवाली आली, इकडेतिकडे बघितलं, हिरवी पट्टी उचकटली आणि मागे सरकवून चिकटवली. अंगठ्याने दाबून दाबून. आणि निघून गेली.

सर नव्हते. पिटुकली नव्हती. आपल्याच पोरीची पट्टी, चोरासारखी?

तूच सांग, मी काय समजायचं?

तुझा,
काडेपेटी

*

बुधवार, ५ तारीख

चि. काडेपेटीस, आशीर्वाद. आणि एक धपाटा.

धपाटा यासाठी की पत्राचं अर्धं पान त्या बयेवर खर्च केलंस. ती तुझ्याकडे बघून हसली की तू पुन्हा काहीतरी सोडून पळशील. आता सोडायला उरलंय तरी काय?

पण पट्टीचं वाचलं आणि शिलाई मशीनवरचा पाय थांबला. ती पोरगी मला पहिल्यापासून पटत नाही. गोड बोलते. गोड बोलणाऱ्यांच्या हातात नेहमी दोऱ्याचं दुसरं टोक असतं. गेल्या वर्षी निवडीच्या वेळीही "काकू, तिच्यावर फार भार नको" असं मला म्हणाली होती. मला! मी रोज पहाटे उठून पोरीला नेलंय. भार कुणावर होता?

तू डोळे उघडे ठेव. सरांना काही विचारू नकोस, सर तिचंच ऐकतात. पिटुकलीला एकटी गाठून माझा निरोप दे : आई म्हणाली, दोन ट्विस्टचीच, हवेत दोन गिरक्यांचीच, उडी मारायची. कुणी काहीही सांगो. या स्पर्धेत अंतिम फेरीत आली तर मोठ्यांच्या संघाचं दार उघडतं. ते दार पुन्हा उघडणार नाही. त्या उडीशिवाय ती कुठेच पोचत नाही, हे तिलाही माहीत आहे.

आणि हो, मी शिवून दिलेला स्पर्धेचा ड्रेस तिला नीट बसतो का, एवढं बघ. बाह्या, खांदे. पण चारचौघांत विचारू नकोस.

ताई

*

शुक्रवार, ७ तारीख

ताई,

निरोप दिला. पाण्याच्या नळाशी गाठली. ऐकून घेतलं, बाटली भरली, झाकण लावलं आणि म्हणाली, "बरं मामा." बस. हीच पोरगी माझ्या खांद्यावर बसून माझे केस उपटायची. मी म्हटलं, "कुणी त्रास देतंय का?" तर म्हणे, "तू जा, कुणी बघेल." बघेल म्हणजे कोण? मी मागे वळलो तर ती दारात उभी. हातात टॉवेल. आमच्याकडेच बघत होती.

ड्रेसचं विचारलं. "बसतो" म्हणाली आणि लाल झाली. तुम्हा मायलेकींचं काय चाललंय ते तुम्हीच जाणे.

आणखी एक. परदेशी संघांपैकी एकाचा प्रशिक्षक आहे, दाढीवाला, हा एवढा उंच. त्याची मुलगी व्हॉल्टमध्ये आपल्या पोरीची सर्वांत मोठी प्रतिस्पर्धी. काल जेवणाच्या सुट्टीत तो आणि आपली फाईलवाली धावपट्टीशी उभे. तो हाताने काहीतरी दाखवतोय, पावलं टाकून दाखवतोय, ती मान डोलावतेय. मग हसली. ताई, ते हसू मी ओळखतो. ते मला कॉलेजात फक्त एकदा मिळालं होतं, तेही मी जिन्यावरून घसरलो तेव्हा.

मग माझं टाळकं सटकलं. संध्याकाळी गाद्या आवरताना तिला गाठलंच.

"पट्टी का हलवलीस?"

"कुठली पट्टी?"

"नाटक करू नकोस. हिरवी."

मग म्हणाली, "तुझं काम गाद्या लावणं आहे ना? मग गाद्या लाव."

"आणि तुझं काम दाढीवाल्याला पोरीची धाव शिकवणं?"

माझ्याकडे बघितलं तिने. चिडली असती तर बरं झालं असतं. नुसतं बघितलं, आणि म्हणाली, "तुला सांगितलेलं कुठे जातं, ते मला माहीत नाही असं वाटतं का?" आणि गेली.

म्हणजे तिला आपली पत्रं माहीत आहेत! कुणी सांगितलं? काका? मुकादम? आजपासून मी पाकिटाला डिंक लावून वर सहीसुद्धा करतोय. तुला पोचताना सही फाटलेली दिसली तर कळव.

आणि जिला काही लपवायचं नाही ती असं बोलेल का?

काडेपेटी

*

रविवार, ९ तारीख

चि. काडेपेटीस,

सही धड होती. काकांवर संशय घेऊ नकोस. बिचारे तुझं पाकीट टोपीत ठेवून आणतात. येतं तेव्हा त्याला खोबरेल तेलाचा वास असतो एवढंच.

दाढीवाल्याचं वाचून मात्र माझी खात्रीच झाली. कुठे काय कबूल केलंय कुणास ठाऊक. आपल्या पोरीने सोपी उडी मारली की त्यांच्या पोरीचा रस्ता मोकळा. सरळ हिशेब आहे. ती घाबरावी म्हणून धाव बिघडवायची, घाबरली की म्हणायचं, 'सोपी मार गं.' गोड बोलून.

तू मला विचारतोस काय करू. मी इथे मशीनवर बसून काय सांगणार? तू तिथे आहेस. पोरीला सरावाने जी जागा पाठ झालीय तीच तिची जागा. एवढं मला कळतं.

ड्रेसचं पुन्हा विचारलंस का? लाल झाली म्हणजे काय? घट्ट होतोय म्हणाली का? आणि सरांनी तिला कुठे भिंतीला टेकवून उभी वगैरे केली नाही ना? हे जरूर कळव.

ताई

*

मंगळवार, ११ तारीख, सकाळ

ताई,

भिंतीला टेकवून कशाला उभी करतील? शाळा आहे का ही? तुझे प्रश्न मला कधीकधी कळत नाहीत.

आज दुपारी तिची फेरी. मी ठरवलंय. सराव संपला की मुली रांगेत उभ्या राहतात, मग आम्ही धावपट्टीवरची भुकटी झाडतो. तेव्हा पट्टीजवळ माझ्याशिवाय कुणी नसतं. हिरव्या पट्टीची जुनी जागा मला दिसते, तिथे डिंकाचा काळपट डाग राहिलाय. झाडताझाडता वाकायचं, उचकटायची, डागावर आणून दाबायची. शिंकायला लागतो त्याहून कमी वेळ.

सरावात पाहतोय मी. नव्या जागेवरून धावली की पोरगी एकच ट्विस्ट घेते. आठवडाभर दोन ट्विस्टची एकही मारली नाही तिने. सर बघतात आणि काही बोलत नाहीत. ही टाळ्या वाजवते. एका ट्विस्टला टाळ्या! सगळे सामील आहेत, ताई. आपल्या पोरीच्या बाजूने या अख्ख्या हॉलमध्ये मी एकटा आहे.

काल ती मला येऊन म्हणाली, "स्पर्धा संपली की चहा पिऊ. तुला काहीतरी सांगायचंय." आधी तर मी मनात टपरीसुद्धा ठरवली. मग डोक्यात आलं, आजच का? स्पर्धेच्या आदल्या दिवशीच का गोड बोलावंसं वाटलं? वर्षभरापूर्वी हेच वाक्य ऐकलं असतं तर मी उड्या मारत गेलो असतो. काल म्हटलं, "बघू."

तुझ्या लेकीसाठी मी तिला 'बघू' म्हटलं. लक्षात ठेव.

काडेपेटी

*

मंगळवार, ११ तारीख, दुपार, बसस्टँड

अरे वेड्या, हलवू नकोस. पट्टीला हात लावू नकोस.

तुझं पत्र आता मिळालं. तुमच्या कार्यालयात फोन केला, 'पालकांचे फोन घेत नाही' म्हणून ठेवून दिला. पुन्हा केला, पुन्हा ठेवला. म्हणून काकांच्या गाडीत येऊन बसलेय. गाडी सुटत नाहीये. हे लिहितेय कारण दारावर मला आत सोडणार नाहीत, कागद तरी सोडतील.

ऐक. पोरगी वाढलीय. खूप वाढलीय. मी ड्रेससाठी माप घेतलं तेव्हाच कळलं. दोनदा घेतलं, मला वाटलं टेप सरकली. उंची वाढली, पाय लांब झाले. मी कुणाला सांगितलं नाही. ड्रेसच्या आत दाबून ठेवलेलं कापड सगळं मोकळं केलं, तेही पुरेना तेव्हा बाजूने नवं जोडलं, शिवण दिसणार नाही असं. तिला म्हटलं, सरांसमोर गुडघे जरा सैल सोडून उभी राहा. सरांना कळलं असतं तर ती उडी काढून घेतली असती. वाढत्या मुलींकडून अवघड उडी काढून घेतात, मला माहीत होतं. एवढी एक स्पर्धा जाऊ दे म्हटलं. एवढीच.

पाय लांब झाले म्हणजे पाऊलही लांब पडणार. म्हणजे पट्टी मागेच जायला हवी. तुझ्या पहिल्या पत्रातच माझ्या लक्षात आलं होतं. पहिल्या पत्रातच, अरे. आणि मी तुला काय लिहिलं? जुन्या जागेवरून धावली तर ती बोर्डाच्या फार पुढे पोचेल. पाय कडेवर पडेल. पालथी टेबलावर

गाडी सुटतेय. मी पोचायच्या आत तिची फेरी झालेली असेल ना रे?

*

बुधवार, १२ तारीख

ताई,

तुझं पत्र काकांनी आज सकाळी दिलं. काल तू फाटकावर पहारेकऱ्याशी भांडलीस, पोरगी धड आहे एवढं त्याच्याकडून ऐकलंस आणि काकांच्या ओळखीच्यांकडे जाऊन टेकलीस, हेही त्यांनीच सांगितलं. तू फाटकाबाहेर होतीस तेव्हा मीही बाहेरच होतो, मागच्या दाराने काढलेला. समोर आलो नाही. तोंड नव्हतं.

तुला काय झालं ते माझ्याचकडून कळलेलं बरं.

मी पट्टी हलवली. कुणाला दिसलं नाही. झाडू घेऊन बाकावर येऊन बसलो, छाती इतकी फुगलेली की मुकादम म्हणाला, "काय रे, तुला पदक मिळालं का?"

पिटुकली आली. पट्टीशी थांबली. खाली बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग हात वर केला आणि धावली.

ताई, मला खेळातलं फार कळत नाही, पण रोज पाहून पाहून पावलांचा आवाज पाठ झालाय. काल तो चुकला. शेवटची दोन पावलं आखूड झाली, फरफटल्यासारखी. पाऊल बसायच्या आधीच बोर्ड समोर येऊन ठाकला होता. आणि तिने अंग चोरलं. बाजूला झेप घेतली, बोर्डाला, टेबलाला कशालाच न शिवता गादीवर गुडघ्यांवर जाऊन पडली. सगळा हॉल एका आवाजात 'आई गं' म्हणाला.

बोर्डाला, टेबलाला स्पर्श झाला नाही तर पुन्हा धावता येतं, पण गुण कापून. पोरगी उठली. रडत नव्हती. ती, म्हणजे बाई, धावत पट्टीकडे गेली, खाली वाकली, पट्टीवर बोट फिरवलं. आणि मान वर करून सरळ आमच्या बाकाकडे बघितलं. बाकावर आम्ही सहाजण होतो. तिने दुसऱ्या कुणाकडे बघितलंच नाही.

मला अजूनही वाटत होतं की मी बरोबर आहे. खोटं कशाला बोलू? पण पिटुकली परत चालत येताना पहिल्यांदा नीट दिसली मला, बाईच्या शेजारी उभी. बाईच्या कानापर्यंत आलीय ती, ताई! आठवडाभर मी पट्टीकडे बघत होतो, पोरीकडे बघितलंच नव्हतं.

मी उठलो. पंच, कॅमेरे, दाढीवाला, सगळ्यांसमोर चालत गेलो, पट्टी उचकटली आणि बाईला विचारलं, "कुठे?" तिने बोटाने दाखवलं. मी दाबली. मुकादम लांबून ओरडत होता. पहारेकरी येऊन दंड धरून घेऊन गेला. जाताना मागे टाळ्या ऐकल्या, म्हणजे दुसरी उडी झाली असणार. एका ट्विस्टची. उभी राहिली म्हणतात, पाय न हलवता. पण गुण कापले गेले, आणि तेवढ्यानेच ती अंतिम फेरीच्या बाहेर राहिली. तेवढ्यानेच. नाहीतर सोप्या उडीनेसुद्धा बसत होती.

मागच्या दाराशी बाई आली. चहाचा विषय नव्हता.

म्हणाली, "सरांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पोरगी गुडघे मोडून उभी होती, कुणीही ओळखेल. सर, मी आणि ती, आम्ही तिघांनी ठरवलं, सोपी उडी, नवी जागा. दाढीवाल्याची पोरगी गेल्या वर्षी अशीच वाढली होती, म्हणून त्याला विचारत होते."

"मग मला का नाही सांगितलं?"

"पोरीने हात जोडले होते. म्हणाली, मामाला कळलं की आईला कळतं."

मग तिने विचारलं, "त्या सकाळी गाद्यांच्या मागे लपून तू पट्टीवर नजर ठेवून होतास, की माझ्यावर?" उत्तराची वाटही न बघता ती गेली.

मला आता तुझा राग यायला हवा. येतोय. पण तू खोटं लिहिलंस तरी ते मला हवं तेच होतं. म्हणून तो धड पेटतही नाही.

काडेपेटी

*

गुरुवार, २७ तारीख

प्रिय मामा,

तू घरी येत नाहीस म्हणून आईने लिहायला सांगितलं. आता फोन आहे माझ्याकडे, पण तू उचलत नाहीस. मुकादमकाकांचा पत्ता बाईंनी दिला. ते म्हणाले, तू त्यांच्या गोदामात राहतोस आणि शिंकतोस.

गुडघे बरे आहेत. आईने ड्रेस पूर्ण उसवला आणि मापाचा नवा शिवतेय. माप घेताना मला भिंतीला टेकवून ताठ उभं केलं. टेप तशीच धरून उभी राहिली बराच वेळ. मी म्हटलं, "अगं आई, लिहून घे ना." तर म्हणाली, "दिसत नाहीये, थांब." मला दिसत होतं की तिला का दिसत नव्हतं.

दोन ट्विस्ट सध्या बंद. सर म्हणतात, वाढायचं थांबली की बघू. दाढीवाल्या काकांनी मला त्यांच्या संघाची टोपी पाठवलीय. तुला राग येईल म्हणून सांगून ठेवते.

मामा, तुला एक सांगू? कुणाला सांगू नकोस, आईला तर नाहीच. त्या दिवशी पट्टी हललेली मला धावायच्या आधीच दिसली होती. डाग दिसत नव्हता ना, तो पट्टीखाली गेला होता. मला वाटलं, बाईंनीच शेवटच्या क्षणी बदलली असेल, काहीतरी कारण असेल. म्हणून धावले. बाईंनी ठेवली म्हणजे बरोबरच, असं वाटून.

आता मी धावायच्या आधी दरवेळी स्वतः मोजते. टेबलापासून पट्टीपर्यंत, टेप लावून. सर म्हणाले, छान सवय आहे, मोठ्या मुली असंच करतात. बाईंनी लावलेली असली तरी मोजते. मी मोजत असते तेव्हा बाई दुसरीकडे बघतात.

आई विचारते, तू कधी येतोस. बाई काही विचारत नाहीत, पण तुझा पत्ता त्यांना पाठ होता.

तुझी,
पिटुकली
(हे नाव आता बदलायला हवं. तूच ठेवलं होतंस, तूच बदल.)